पाहुण्याने सांगितलेले गाव : पश्चिम आफ्रिकेतील स्वयंसेवकांचे ग्रामवास-कथन

प्रवासवर्णन, मानवशास्त्रीय नोंद आणि आत्मकथन या तीन लेखनप्रकारांच्या सीमारेषेवर उभा असलेला एक लेखनप्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीमध्ये स्थिरावला. मदतकार्याच्या निमित्ताने परदेशातून आलेली, बहुधा विशीतील एखादी व्यक्ती पश्चिम आफ्रिकेतील एका खेड्यात वर्ष-दोन वर्षे राहते. तेथील भाषा, अन्न, नाव आणि नाती ती स्वीकारते आणि मायदेशी परतल्यावर त्या वास्तव्याची हकीकत आपल्या देशातील वाचकांना सांगते. सोयीसाठी या प्रकाराला ‘ग्रामवास-कथन’ असे म्हणता येईल. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रकार वरवर दूरचा वाटला, तरी त्यातून उपस्थित होणारे प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाहीत. दुसऱ्याच्या जगण्याविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाला, सहवासातून आलेली जाण स्वानुभवाची जागा घेऊ शकते काय, आणि निवेदक कोणासाठी बोलतो, हे ते प्रश्न होत.

या प्रकाराचे स्वरूप समजावून घेताना दोन विषमता प्रथम ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली, निवेदकाला परत जाता येते, गावाला कोठेही परत जाता येत नाही. दुसरी, ज्या गावाविषयी हे लेखन असते ते गाव या लेखनाचे वाचक नसते. या दोन विषमता पुसून टाकणे कोणत्याही लेखकाच्या हाती नाही. त्या लपविणे किंवा त्यांनाच कथनाचा विषय करणे, एवढीच निवड त्याच्यापुढे असते. या प्रकारातील सरस आणि सामान्य कृतींमधील भेद प्रामुख्याने या निवडीत आहे, असे म्हणता येईल.

१. एका पोस्टकार्डाची कथा

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक-दलाची स्थापना केली. सुशिक्षित तरुण-तरुणींनी नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत जाऊन सुमारे दोन वर्षे राहावे, स्थानिकांच्या बरोबरीने काम करावे, अशी ही योजना होती. पहिल्या तुकड्यांपैकी एक ३० ऑगस्ट १९६१ रोजी घानाची राजधानी आक्रा येथे उतरली. त्याच वर्षी दुसरी एक तुकडी नायजेरियातील इबादान येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रशिक्षणासाठी दाखल झाली.

ऑक्टोबर १९६१ मध्ये तेथे एक प्रसंग घडला. तुकडीतील एका तरुण स्वयंसेविकेने अमेरिकेतील आपल्या स्नेह्याला एक पोस्टकार्ड लिहिले. आजूबाजूची राहणी किती मागासलेली व गलिच्छ आहे, याविषयी काही ओळी तीत होत्या. हे कार्ड टपालात पडण्यापूर्वीच हरवले आणि एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या हाती लागले. त्याच्या प्रती काढून कॉलेजात वाटण्यात आल्या. विद्यार्थ्यांनी निषेध केला, स्वयंसेवकांना साम्राज्यवादाचे हस्तक ठरविण्यात आले आणि कार्ड लिहिणाऱ्या तरुणीला देश सोडावा लागला. नायजेरियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

राजनैतिक इतिहासात हा प्रसंग एक किरकोळ वादळ म्हणून नोंदला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयास हवे. पश्चिम आफ्रिकेविषयी स्वयंसेवकाने केलेल्या लेखनापैकी सर्वप्रथम गाजलेला मजकूर कोणता, असे विचारले तर उत्तर द्यावे लागेल : हे पोस्टकार्ड. त्यातील मजकूर खोटा होता म्हणून खळबळ उडाली नाही. ज्यांच्याविषयी तो लिहिला होता त्यांनी तो वाचला, म्हणून उडाली. पोस्टकार्ड हे स्वभावतःच उघडे पत्र असते. वाटेत कोणीही ते वाचू शकतो. लिहिणारीच्या मनात मात्र, आजूबाजूचे लोक हे वाचक असू शकतात, ही शक्यता आलीच नव्हती.

या घटनेच्या स्थळालाही अर्थ आहे. याच कॉलेजात चिनुआ अचेबे यांचे शिक्षण झाले होते आणि त्यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्या अखेरीस ब्रिटिश जिल्हाधिकारी आपल्या नियोजित ग्रंथाचा विचार करतो. वाचकाने ज्या ओकोंक्वोचे आयुष्य संपूर्ण कादंबरीभर अनुभवले, त्याला त्या ग्रंथात किती जागा द्यावी, याचा तो मनाशी हिशेब करतो. परक्याच्या लेखणीत आपले आयुष्य केवढे उरते, हा प्रश्न अचेबे यांनी तेथे उभा केला. तीन वर्षांनी इबादानच्या विद्यार्थ्यांनी तोच प्रश्न एका पोस्टकार्डाला विचारला.

२. प्रकाराची घडण

या प्रकाराला एक पूर्वपीठिका आहे. मानवशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन यांनी नायजेरियातील टिव्ह लोकांमध्ये केलेल्या वास्तव्यावर आधारलेली ‘रिटर्न टू लाफ्टर’ ही कादंबरी १९५४ मध्ये एलनॉर स्मिथ बोवेन या टोपणनावाने प्रसिद्ध केली. शास्त्रीय प्रबंधात ज्याला स्थान नाही ते सारे, म्हणजे स्वतःची भीती, एकटेपण, चुका आणि नैतिक गोंधळ, त्यांना कादंबरीत सांगावयाचे होते. शास्त्रज्ञ म्हणून एक नाव आणि माणूस म्हणून दुसरे, अशी ही वाटणी होती. पुढील स्वयंसेवक-लेखकांना टोपणनावाची गरज भासली नाही, कारण त्यांच्यामागे शास्त्राची शिस्त नव्हती. ‘मी तेथे होतो’ एवढेच त्यांचे प्रमाणपत्र होते. प्रथमपुरुषी निवेदन हा या प्रकाराचा आधार होय, आणि त्याची मर्यादाही तेथेच सुरू होते.

ग्रामवास-कथनाचा कथानक-आराखडा बहुधा ठरलेला असतो. आगमन, भाषेची अडखळ, नामकरण, एका स्थानिक व्यक्तीशी जडलेले सख्य, कामातील अपयश व लहानसे यश, एखादा मृत्यू आणि निरोप, असे त्याचे टप्पे दिसतात. हा आराखडा दीक्षाकथेचा आहे. अजाण व्यक्ती परक्या जगात शिरते, कसोटीला लागते आणि जाणती होऊन परतते. या साच्यात धोका असा, की गाव हे निवेदकाच्या परिपक्वतेचे साधन होऊन बसते. निवेदक बदलतो आणि गाव मात्र ‘आहे तसे’ राहते, अशी वाचकाची समजूत होते.

केनियाचे लेखक बिन्यावांगा वैनाईना यांनी २००५ मध्ये ‘ग्रँटा’ या नियतकालिकात लिहिलेल्या ‘हाउ टू राइट अबाउट आफ्रिका’ या उपरोधिक निबंधात आफ्रिकेविषयीच्या अशाच साचेबंद लेखनाची खिल्ली उडविली आहे. अर्थात साचा असणे हा स्वतःमध्ये दोष नव्हे. साच्याच्या आत लेखक कोणते प्रश्न विचारतो, यावर कृतीचे मोल ठरते.

३. यजमान, पाहुणा आणि नाव

या लेखनात वारंवार येणारे ‘गावाने आपलेसे केले’ हे विधान नेमके समजून घेण्यासाठी तेथील सामाजिक संकेत पाहावे लागतात. मालीत मोठ्या प्रमाणावर बोलल्या जाणाऱ्या बंबारा भाषेत परक्याला व पाहुण्याला एकच शब्द आहे : ‘दुनान’. त्याला आश्रय देणारा यजमान म्हणजे ‘जातिगी’. जातिगी केवळ अन्न व निवारा देत नाही. गावापुढे पाहुण्याच्या वर्तनाची जबाबदारीही तो घेतो. परक्याला गावात स्थान मिळते ते त्याच्या गुणांमुळे नव्हे, तर कोणीतरी त्याची हमी घेतल्यामुळे.

अभिवादनही तेथे घाईने उरकावयाची गोष्ट नाही. घरच्यांची, कामाची, रात्रीची विचारपूस होते आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हेरे’, म्हणजे शांती, कुशल, या शब्दाने उत्तर दिले जाते. अभिवादन स्वीकारताना पुरुष ‘एन बा’ व स्त्री ‘एन से’ असे म्हणते. त्यामुळे पाहुण्याला दोन शब्द बोलण्याआधीच तेथील व्यवस्थेत स्त्री किंवा पुरुष म्हणून उभे राहावे लागते. पाठोपाठ नामकरण होते. पाहुण्याला स्थानिक नाव व कुळाचे आडनाव मिळते, आणि आडनावाबरोबर ‘सनांकुया’ नावाची थट्टेची नाती येतात. ठरावीक कुळांच्या माणसांनी परस्परांची थट्टा करावयाची, समोरच्याला ‘घेवडे खाणारा’ म्हणून चिडवावयाचे आणि त्याने रागवावयाचे नाही, असा हा संकेत आहे. नव्या पाहुण्याला बाजारात अनोळखी माणूस हसत चिडवतो, तेव्हा तो अपमान नसतो. नात्यात घेतल्याची ती खूण असते.

तथापि नाव मिळणे आणि कुळातले होणे यांत अंतर आहे. नावाने पाहुण्याला विनोद करण्याचा हक्क मिळतो. शेतात राबण्याचे, हुंड्याचे, आजारपणाचे आणि वारसाचे ओझे त्याच्यावर येत नाही. मुलांच्या तोंडी तो ‘तुबाबू’, म्हणजे गोरा परकाच राहतो. सामान्य कृतींत नामकरणाचा प्रसंग स्वीकृतीचे शिखर म्हणून रंगविला जातो. सरस कृती त्याच प्रसंगातून नात्याची मर्यादाही दाखवितात.

४. ‘मोनिक अँड द मँगो रेन्स’

क्रिस हॉलोवे यांचे ‘मोनिक अँड द मँगो रेन्स’ हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. हॉलोवे १९८९ ते १९९१ या काळात पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मालीच्या दक्षिण भागातील नाम्पोसेला या खेड्यात राहिल्या. कुतियाला या शहराच्या परिसरातील हे खेडे मिनियांका लोकांचे आहे. हा प्रदेश कापूस पिकविणारा आहे. ‘काळाच्या बाहेर राहिलेले खेडे’ ही कल्पना येथे मुळातच टिकत नाही. या गावचा शेतकरी आंतरराष्ट्रीय कापूस-बाजाराशी जोडलेला आहे.

शीर्षकातील ‘मँगो रेन्स’ या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधावा लागत नाही. भूगोलाच्या मराठी पुस्तकांत मान्सूनपूर्व सरींना ‘आम्रसरी’ असे नाव आहे. मालीतील या सरी मुख्य पावसाळ्याच्या पुष्कळ आधी, कोरड्या ऋतूत पडतात. आंब्याला त्या उपकारक ठरतात, परंतु त्यांच्या भरवशावर पेरणी करता येत नाही. थोडा काळ येऊन जाणारा, सुखावणारा, पण ज्यावर वर्षाचे पीक अवलंबून ठेवता येत नाही असा हा पाऊस आहे. स्वयंसेविकेच्या दोन वर्षांच्या वास्तव्याशी त्याचे साम्य लेखिकेने उलगडून सांगितलेले नसले, तरी ते वाचकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

शीर्षकात प्रथम येते ते यजमान स्त्रीचे नाव. मोनिक देम्बेले ही गावातील सुईण. वय विशीच्या मध्यावर, शालेय शिक्षण थोडे, प्रशिक्षण काही महिन्यांचे आणि जबाबदारी संपूर्ण गावातील बाळंतपणांची. मदतकार्याच्या परिभाषेत बाहेरून आलेला जाणता आणि गावकरी अजाण, अशी विभागणी गृहीत असते. येथे ती उलटते. प्रसूतीच्या खोलीत जाणती आहे ती मोनिक; निवेदिका केवळ जवळ उभी राहणारी, सांगितलेले करणारी मदतनीस आहे. ‘मदत’ या शब्दाचा कर्ता बदलतो आणि त्यासरशी निवेदनाचे केंद्रही सरकते. आपल्याला काय करता आले, यापेक्षा मोनिक काय करीत होती, हे सांगण्याकडे कथनाचा ओघ वळतो.

हे केंद्र पुस्तकभर सारखेच टिकते असे नाही. मोनिकच्या कामाचे वेतन तिच्या हाती पडत नसे, सासरच्या पुरुषांकडे जात असे. निवेदिकेच्या खटपटीने ते तिला मिळू लागते. हा प्रसंग यशाचा आहे आणि लेखिकेने तो समाधानाने सांगितला आहे. परंतु अभ्यासकाने येथे थबकावयास हवे. बाहेरच्या व्यक्तीला हे करता आले, कारण ती नात्यांच्या जाळ्यात नव्हती. तिला सासरा नव्हता, दीर नव्हता. याच कारणाने त्या बदलाचे जे काही बरेवाईट परिणाम व्हावयाचे, ते तिला भोगावयाचे नव्हते. मोनिकला त्याच अंगणात, त्याच माणसांत राहावयाचे होते. परकेपण ही निवेदिकेची दुर्बलता आहे तशीच ती तिची शक्तीही आहे, आणि परत जाण्याची सोय हे त्या शक्तीचे मूळ आहे.

स्त्रियांच्या शरीराविषयीचे संवाद हा पुस्तकाचा दुसरा महत्त्वाचा भाग. संततिनियमन, मुलींची सुंता, बालमृत्यू यांविषयी दोघी बोलतात. अशा विषयांवर परदेशी लेखक बहुधा भाष्यकाराच्या आसनावरून बोलतो. येथे पुष्कळदा प्रश्न निवेदिकेचा आणि उत्तर मोनिकचे, असा क्रम आहे. प्रश्न विचारणारी व्यक्ती अडखळते, हे लपविलेले नाही. अर्थात हे सर्व संवाद वाचकापर्यंत इंग्रजीत आणि स्मरणातून येतात. गावाची भाषा मिनियांका, संवादाचे माध्यम बंबारा व फ्रेंच, लेखनाची भाषा इंग्रजी. मोनिकचा आवाज वाचकाला ऐकू येतो तो इतक्या उंबरठ्यांवरून येऊन, ही गोष्ट वाचनात सतत जागती ठेवावी लागते.

५. मृत्यू आणि लेखनाचा हक्क

ग्रामवास-कथनाचा शेवट बहुधा निवेदकाच्या निरोपाने होतो. हॉलोवे यांच्या पुस्तकाचा शेवट वेगळा आहे. १९९८ मध्ये मोनिकचा मृत्यू झाला, आणि तो बाळंतपणात झाला. ही वार्ता अमेरिकेत पोहोचल्यानंतर हॉलोवे पुन्हा मालीला गेल्या. या मृत्यूमुळे पुस्तकाची जात बदलते. दोन वर्षांच्या अनुभवाचे स्मरण म्हणून जे लिहिले गेले असते ते विलापिका म्हणून लिहिले जाते.

इतरांची बाळंतपणे सुखरूप पार पाडणारी सुईण स्वतः बाळंतपणात मरण पावते, हा केवळ दैवाचा खेळ म्हणून वाचणे चूक ठरेल. प्रसूतीच्या वेळचा अतिरक्तस्राव, अडलेले बाळंतपण, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब ही मातामृत्यूची प्रमुख कारणे सर्वज्ञात आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांवर इलाज आहे. लागतो तो वेळेवर मिळणारा दवाखाना, रक्त, शस्त्रक्रियेची सोय आणि तेथपर्यंत नेणारा रस्ता व वाहन. निवेदिकेच्या देशात या गोष्टी गृहीत आहेत. मोनिकच्या गावात तिचे कौशल्यही त्यांची उणीव भरून काढू शकत नाही. परत जाता येणे म्हणजे केवळ विमानाचे तिकीट असणे नव्हे. त्या साऱ्या व्यवस्थेत परत जाता येणे, असा त्याचा अर्थ आहे. आरंभी ज्या विषमतेचा उल्लेख केला, ती येथे जीवनमरणाची होते.

याच ठिकाणी दुसरी विषमताही तीव्र होते. मोनिकने मैत्रिणीला विश्वासाने सांगितलेल्या, वैवाहिक जीवनातील अत्यंत खाजगी गोष्टी पुस्तकात आल्या आहेत. त्या सांगितल्या गेल्या तेव्हा ती मैत्री होती, पुस्तक नव्हते. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा संमती देणारी किंवा नाकारणारी व्यक्ती हयात नव्हती. या आक्षेपाचे एक उत्तर असे, की लेखन झाले नसते तर मोनिकचे नाव तिच्या परिसराबाहेर कोणालाच कळले नसते. आकडेवारीतील एक मृत्यू एवढीच तिची नोंद उरली असती. दुसरे उत्तर पुस्तकाच्या उत्पन्नाचा काही भाग मोनिकच्या कुटुंबासाठी व गावातील आरोग्यकार्यासाठी दिला जातो, हे. पहिले उत्तर वाङ्मयीन आहे व दुसरे नैतिक. दोन्ही महत्त्वाची आहेत, परंतु एकाने दुसऱ्याची जागा घेतली जात नाही. उत्पन्नाच्या वाटपाने निवेदनाचा हक्क सिद्ध होत नाही आणि निवेदनाच्या प्रामाणिकपणाने संमतीचा प्रश्न मिटत नाही. विश्वासाने ऐकलेले सांगावे की न सांगावे, या पेचाचे पूर्ण उत्तर पुस्तकात नाही. ते कोणत्याही पुस्तकात सापडणे कठीण आहे.

६. थांबलेले गाव आणि निघून गेलेला निवेदक

हॉलोवे यांच्या पुस्तकाच्या अठरा वर्षे आधी, १९८८ मध्ये, जॉर्ज पॅकर यांचे ‘द व्हिलेज ऑफ वेटिंग’ प्रसिद्ध झाले. पॅकर १९८२-८३ मध्ये टोगो देशातील लाविए या खेड्यात इंग्रजीचे शिक्षक होते. इवे भाषेत गावाच्या नावाचा अर्थ ‘थोडे थांब’ असा आहे आणि पुस्तकाचे शीर्षक त्यावरूनच आले आहे. पाऊस, वाहन, पगार, परीक्षेचा निकाल, शासनाचा निर्णय, अशा कशाची तरी वाट पाहण्यात गावाचे दिवस जातात. वाट पाहणे हा गावाचा स्वभाव नसून परिस्थितीने लादलेली अवस्था आहे, हे पॅकर दाखवितात.

त्यासाठी ते शासनसंस्था गावात आणतात. टोगोवर १९६७ पासून २००५ पर्यंत न्यासिंग्बे एयादेमा यांची सत्ता होती. राष्ट्राध्यक्षांच्या स्तुतीची गाणी व नृत्ये जनतेकडून बसवून घेतली जात आणि शाळकरी मुलेही त्यांतून सुटत नसत. अशा राजवटीत इंग्रजीचा शिक्षक नेमके काय शिकवितो आणि शिकलेल्या मुलांपुढे कोणती दारे उघडतात, हे प्रश्न पॅकर यांना टाळता आले नाहीत. हॉलोवे यांच्या पुस्तकात ही बाजू तुलनेने मंद आहे. मालीत मूसा त्राओरे यांची १९६८ पासूनची राजवट मार्च १९९१ मध्ये कोसळली. तथापि प्रसूतीच्या खोलीतून पाहणाऱ्या कथनात अशा घटना पार्श्वभूमीलाच राहतात. जवळून पाहण्याने जे स्पष्ट होते त्याची ही किंमत आहे.

पॅकर यांच्या कथनाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पराभवाची कबुली. ठरलेली मुदत पूर्ण होण्याआधीच ते देश सोडतात. दीक्षाकथेचा आराखडा येथे मोडतो, कारण निवेदक जाणता होऊन परतत नाही, तो निघून जातो. ज्यांना ‘थोडे थांब’ म्हणणाऱ्या गावातच थांबावयाचे आहे, त्यांच्यापुढे आपले निघून जाणे म्हणजे काय, याचा हिशेब पुस्तक मांडते. परत जाण्याची सोय लपविण्याऐवजी तिलाच विषय केल्याने हे पुस्तक पुढील लेखकांसाठी एक मानदंड ठरले.

सारा एर्डमन यांचे ‘नाइन हिल्स टू नाम्बोंकाहा’ हे २००३ मधील पुस्तकही या संदर्भात पाहता येते. कोत दिव्हुआर देशाच्या उत्तरेतील खेड्यात १९९८ ते २००० या काळात आरोग्यकार्य करताना त्यांनी बालकांची वजने घेण्याचा, एड्सविषयी बोलण्याचा उपक्रम केला. डिसेंबर १९९९ मध्ये त्या देशात लष्करी उठाव झाला आणि सप्टेंबर २००२ मध्ये यादवी सुरू होऊन देशाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. पुस्तक वाचकाच्या हाती पडले तेव्हा त्यातील शांत दिनक्रम इतिहासजमा झाला होता. गाव ‘आहे तसे’ राहते ही वाचकाची समजूत अशा प्रकारे इतिहासानेच खोडून काढली.

७. उलट दिशेचा प्रवास

या प्रकाराची चर्चा त्याच्या प्रतिरूपावाचून पूर्ण होणार नाही. टोगोचेच तेते-मिशेल क्पोमासी यांनी किशोरवयात लोमे येथील एका मिशनच्या पुस्तकदुकानात ग्रीनलंडविषयीचे पुस्तक पाहिले आणि तेथे जाण्याचा ध्यास घेतला. १९५८ मध्ये घर सोडून, आफ्रिका व युरोपात वाटेत मिळेल ते काम करीत ते १९६५ मध्ये ग्रीनलंडला पोहोचले. तेथील इनुइट लोकांच्या घरांत ते राहिले. त्या अनुभवाचे ‘लाफ्रिकँ द्यु ग्रोएनलाँद’ हे फ्रेंच पुस्तक १९८१ मध्ये आले.

येथे पश्चिम आफ्रिकेतील माणूस पाहुणा आहे, निवेदकही तोच आहे. परंतु सर्वांत मोठा फरक दिशेचा नाही. क्पोमासी कोणतीही योजना घेऊन जात नाहीत, त्यांना कोणाला सुधारावयाचे नाही. त्यांच्याजवळ देण्यासारखे काही नाही, म्हणून प्रत्येक घराच्या आतिथ्याचे ते ऋणी राहतात. इनुइटांच्या व्यसनांविषयी व विपन्नतेविषयी ते स्पष्टपणे लिहितात, पण त्या लेखनात उद्धाराचा स्वर नाही. त्यांच्या शेजारी स्वयंसेवकाचे कथन ठेवले, की त्याच्या सहानुभूतीत मिसळलेला अधिकार वेगळा काढून दाखविता येतो. ग्रामवास-कथनाच्या अध्यापनात ही दोन्ही पुस्तके एकत्र वाचणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

८. मराठीच्या संदर्भात

मराठीतील एक तुलना येथे अपरिहार्य आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे ठाणे जिल्ह्यातील वारली समाजात १९४५ पासून केलेल्या कार्याचे कथन आहे. बाहेरून आलेली सुशिक्षित स्त्री, परकी बोली, झोपडीतील मुक्काम ही सामग्री सारखीच आहे. तथापि परुळेकर यांचे नाते पाहुणीचे नाही, संघटकाचे आहे. मुदत संपताच परतण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तुरुंगवासासह त्या संघर्षाची झळ त्यांनी सोसली. पहिली विषमता त्यांनी आपल्या आयुष्यानेच पुष्कळशी कमी केली. दुसरी मात्र तेथेही उरते. त्या काळी ज्या वारल्यांची ही कथा होती, त्यांतील फार थोडे जण ती वाचू शकत होते.

ही दुसरी विषमता लेखकाच्या सद्हेतूने मिटत नाही; ज्यांच्याविषयी लिहिले गेले ते स्वतः लिहू लागले म्हणजे ती मिटू लागते. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मराठी अभ्यासकांना परिचित आहे. आदिवासींची दुःखे त्यांच्याच समोर, त्यांना खाली बसवून, इतरांनी सांगावीत, या प्रकाराला तिने दिलेले उत्तर मालीच्या किंवा टोगोच्या खेड्यालाही परके वाटणार नाही. दलित साहित्याच्या चर्चेतील स्वानुभव आणि सहानुभूती हा वाद पुष्कळदा ‘कोणी लिहावे’ या मुद्द्यावर अडकतो. ग्रामवास-कथनाच्या अभ्यासातून त्या वादाला आणखी एक बाजू जोडता येते : लिहिताना कोण वाचील असे गृहीत धरले होते?

हाच प्रश्न या प्रकारातील कृतींच्या मूल्यमापनाची कसोटी म्हणून वापरता येईल. वर्णन किती तपशीलवार आहे किंवा निवेदक गावाशी किती एकरूप झाला, यांवरून कृतीचे मोल ठरत नाही. गाव आपल्या खांद्यावरून वाकून हा मजकूर वाचत आहे, या जाणिवेने वाक्य लिहिले गेले आहे काय, हे पाहावे लागते. पॅकर यांनी आपले निघून जाणे आणि हॉलोवे यांनी मोनिकचे राहणे व जाणे ज्या ठिकाणी निःसंकोचपणे मांडले, त्या ठिकाणी ही जाणीव दिसते. इतरत्र ती क्षीण होते. इबादानचे पोस्टकार्ड चुकीच्या हाती पडले, असे १९६१ मध्ये म्हटले गेले. वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता ते योग्य त्याच हाती पडले होते.